पुण्याचं मिळत असताना कोल्हापूरला कशाला? (तीन वर्षांचा लॉ प्रवेश)

टंकलेखिका

नमस्कार. सहा-सात वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४२. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी (नाव नको, सगळे ओळखीचे आहेत) कोर्टाच्या आवाराबाहेर माझं टायपिंगचं दुकान आहे. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि पावसाळ्यात गळणारा पत्रा. अठरा वर्षं दावे, कैफियती, पुरसिस, प्रतिज्ञापत्रं, दस्त टाइप करतेय. मुलगा यंदा डिप्लोमाला गेला, तेव्हा सहज म्हणून तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली. सहज हे घरच्यांना सांगायला. अभ्यास रोज पहाटे साडेचारला उठून केला होता. मार्क चांगले आले.

आता पसंतीक्रम भरायचाय. आमच्या कोर्टातले झाडून सगळे म्हणतात, पहिल्या नंबरला पुण्याचं आयएलएस टाका, मिळेल. मला पहिल्या नंबरला कोल्हापूरचं शहाजी लॉ कॉलेज टाकायचंय. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, मार्क पदरात असताना कोल्हापूर म्हणजे हापूस ठेवून रायवळ चोखणं झालं." ह्यांचं म्हणणं एवढंच, की जे करशील त्याचं कारण मला सांग, चार लोक मलाच विचारणार.

म्हणून काल रात्री कारणं लिहून काढली. जुनं कॉलेज आहे, अनुभवी शिक्षक आहेत, घराजवळ आहे, खर्च कमी, वातावरण आपलं. सकाळी वाचलं तर माझं मलाच पटेना. पण कोल्हापूरच हवंय हे मात्र पक्कं आहे. असं कुणाचं झालंय का? आणि ज्यांनी लॉ केलंय त्यांनी आपापलं कॉलेज का निवडलं, तेही खरंखरं सांगा.

पाटाचे पाणी

आधी अभिनंदन ताई! साडेचारला उठून केलेला अभ्यास "सहज" असेल तर आम्ही जन्मभर झोपलोच म्हणायचं.

एक तांत्रिक शंका: बीए कुठून? मुक्त विद्यापीठातून असेल तर बारावी रीतसर झालीय ना? बार कौन्सिलच्या (वकिलांची नियामक संस्था) २००८ च्या नियमांत बारावी करून मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेली चालते. बारावी न करता थेट पदवीला बसलेल्यांची अडचण होते. आधी खात्री करा.

टंकलेखिका

बारावी रीतसर आहे, कला शाखा, कनिष्ठ महाविद्यालयातून. मग लग्न, मग मुक्त विद्यापीठ. त्यात पास आहे मी. :)

टेकडीवरून

मी आयएलएसचा, त्यामुळे बाजू घेणारच.

ताई, ते कॉलेज १९२४ चं. घारपुरे पहिले प्राचार्य. तिथून शिकलेले गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. हे सगळं तुम्हाला कुणीतरी ऐकवलंच असेल, म्हणून ते बाजूला ठेवतो. मी तिथे काय मिळवलं ते सांगतो. मी लातूरकडचा, इंग्रजी बेताचं. पहिल्या सहामाहीत तोंड उघडलं नाही. मग एका सीनियर मुलीने मूट कोर्टासाठी (विद्यार्थ्यांचा सरावाचा खटला) धरून नेलं, "तू बोलू नकोस, नुसतं संशोधन कर" म्हणाली. दोन महिने ग्रंथालयात जुने निवाडे उपसत बसलो. एखादा निवाडा कसा वाचायचा, त्यात कोर्टाने ठरवलं काय आणि जाता जाता बोललं काय, हे वेगळं काढायला मी तिथे त्या टेबलावर शिकलो. संध्याकाळी मागची टेकडी चढायची आणि वर बसून भांडायचं, कलम अमुक की तमुक.

हे तुमच्या वयाला जास्त पचेल, कमी नाही. तुम्ही कागद अठरा वर्षं पाहिलेत. तुम्हाला आता कागदाच्या मागचं पाहायला मिळायला हवं. कोल्हापूर कुठे पळून जात नाही. तीन वर्षांनी परत जाच की.

भगवा_रस्सा

कोल्हापूरला नावं ठिवायची न्हाईत हां. आमचं शहाजी लई जुनं हाय. बाकी चालू द्या, पांढरा रस्सा घिऊन बसलोय.

तिरकस

ताई, राग मानू नका, पण तुमची यादी मी दोनदा वाचली. जुनं, अनुभवी, जवळ, स्वस्त, आपलं. या यादीतून "कोल्हापूर" खोडून "सोलापूर" लिहिलं तरी एकही वाक्य बदलावं लागत नाही. म्हणजे ही कारणं नव्हेत, माहितीपत्रक आहे.

दुसरं, जे कुणी बोलणार नाही ते मी बोलतो. तुम्ही पुण्याला घाबरताय. विशी-बाविशीतली इंग्रजी झाडणारी पोरं, वसतिगृह किंवा खोली, एकटीने राहणं. घाबरणं गैर नाही. पण भीतीला तत्त्वाचं लुगडं नेसवू नका.

जास्वंद

@तिरकस, तुमचं नाव सार्थ आहे. पहिल्यांदा धागा काढलेल्या बाईशी असं बोलतात?

टंकलेखिका

जास्वंद ताई, असू द्या. ते खोटं नाहीत बोलले. पुण्याला घाबरते मी, हो. गेल्या वर्षी मुलाच्या कामाला गेले होते तर स्वारगेटला रस्ता ओलांडायला दहा मिनिटं उभी होते. पण तेवढंच असतं तर मी सांगलीही चालवून घेतलं असतं, तिथे तर माझी बहीण राहते. कोल्हापूरच का, ते मला शोधायचंय. जरा वेळ द्या.

हडसनकाठी

तिरकसरावांनी केलेली "सोलापूर" चाचणी इथे अमेरिकेत मुलं रीतसर करतात, म्हणून लिहितो.

इकडे कायद्याचं शिक्षण पदवीनंतरच, तीन वर्षांचं जेडी. एलसॅट नावाची परीक्षा असतेच, पण अर्जासोबत स्वतःविषयी निबंध द्यावा लागतो, आणि मिशिगनसारखी काही विद्यापीठं "आमच्याकडेच का?" यावर वेगळा लिहू देतात. माझ्या मुलीने दोन वर्षांपूर्वी हे सगळं केलं. तिचा पहिला खर्डा मी वाचला आणि बाप म्हणून छाती फुगली. जगप्रसिद्ध प्राध्यापक, समृद्ध परंपरा, वैविध्यपूर्ण वातावरण. तिच्या सल्लागार बाईंनी काय केलं असेल? विद्यापीठाचं नाव जिथे जिथे होतं तिथे पांढरी पट्टी चिकटवून कागद परत दिला: "आता सांग, हे कुणाला लिहिलंयस?" पोरगी दोन दिवस बोलली नाही.

मग तिने जे लिहिलं ते असं. आमच्या इमारतीतल्या एका ग्वाटेमालाच्या कुटुंबाला घर खाली करायची नोटीस आली होती, तेव्हा ती दुभाषी म्हणून त्यांच्याबरोबर न्यायालयात गेली होती. एका विद्यापीठात भाडेकरूंची प्रकरणं विद्यार्थीच देखरेखीखाली चालवतात, असा विभाग होता. तिने लिहिलं, मला त्या विभागात दुसऱ्या वर्षी काम करायचंय, कारण त्या दिवशी त्या बाईच्या वतीने बोलायला कुणी नव्हतं आणि मला फक्त भाषांतर करता येत होतं. दीड पान, त्यात परंपरेचा "प" नाही.

तुमच्याकडे निबंध कुणी मागत नाही, मार्क आणि पसंतीक्रम एवढंच. पण तुमच्या ह्यांनी मागितलाय की! तेव्हा विचारतो: अठरा वर्षांत असा एखादा कागद टाइप केलात का, जो डोक्यातून गेला नाही?

मांडवीकाठ

मी गोव्याची, मिरामारच्या साळगावकर लॉ कॉलेजातली. माझं कारण एका वाक्याचं होतं. आमच्याकडे वारसाहक्काला अजून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा पाया आहे आणि मला वकिली गोव्यातच करायची होती. नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, मुलांचा अर्धा वाटा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही, वाटपासाठी इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करण्याची, वेगळी प्रक्रिया. हे बाहेर जाऊन शिकले असते तर परत येऊन पुन्हा पहिलीत बसावं लागलं असतं. मामा मुंबईला चल म्हणत होते. मी म्हटलं, मामा, तिथला हिंदू वारसा कायदा घेऊन मी म्हापशात काय करू?

इकडे जमीन विकायची तर विक्रीखतावर बहिणी तर सह्या करतातच, बहिणींचे नवरेही करतात. एका दस्तावर मी एकोणतीस सह्या मोजल्यात.

टंकलेखिका

हडसनकाठी, तुमचा प्रश्न वाचून दुकान लवकर बंद केलं.

आहे एक कागद. एक म्हणजे एकच नाही, शेकड्याने. हक्कसोडपत्र. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वडील वारले की सातबाऱ्याला वारस म्हणून मुलांबरोबर मुलींची नावं लागतात. मग वर्षभरात भाऊ बहिणींना तालुक्याला घेऊन येतात. बहीण लिहून देणार, भाऊ लिहून घेणार. बहीण आपला हिस्सा सोडते आणि फेरफाराने नाव कमी होतं. मजकूर मला पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणेन: "सदरचे हक्कसोडपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता, विनामोबदला लिहून दिले असे." विनामोबदला म्हणजे साडीचोळी. ती कागदात येत नाही, पिशवीत येते. बायका माझ्या टेबलासमोरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसतात.

त्यांतल्या निदान निम्म्या मला विचारतात, "बाई, ह्यात काय लिवलंय?" मी वाचून दाखवते. पुढचा प्रश्न येतो, "मग माजं काय ऱ्हातंय?" आणि मी गप्प बसते. ते सांगणं माझं काम नव्हे. मी टंकलेखिका. सांगितलं तर उद्यापासून वकील माझ्याकडे काम टाकणार नाहीत.

२०११ साली मी माझं स्वतःचं हक्कसोडपत्र टाइप केलं. आदल्या वर्षी आबा गेले होते. दादाने विचारलं, मी हो म्हटलं, कुणी जबरदस्ती केली नाही. दुसऱ्या टायपिस्टकडे कशाला पैसे घालवायचे म्हणून आधीच्या एका बाईची फाइल उघडली, नाव बदललं, गट नंबर बदलला, प्रिंट काढली. दुय्यम निबंधकांकडे रांगेत उभी असताना लक्षात आलं, वय बदलायचं राहिलं. माझं सत्तावीस, कागदावर एकसष्ट. पेनाने खोडून बाजूला सही केली. त्या बाईचं वय तेवढं माझ्यावर यायचं राहिलं, बाकी सगळं तिचं जसंच्या तसं मला बसलं. एक शब्दही बदलावा लागला नाही.

दादाविषयी तक्रार नाही, हे आधीच सांगते. भाऊबीज, आजारपण, मुलाचं बारसं, सगळ्याला उभा राहिला. पण त्या प्रश्नाला, "माजं काय ऱ्हातंय", मला बाकाच्या दुसऱ्या बाजूने उत्तर द्यायचंय. म्हणून लॉ.

जास्वंद

काय लिहू कळत नाहीये. माझ्या आईनेही केलंय. पिशवीत इरकल होतं.

कोर्टवारी

सांगली-कोल्हापूर पट्ट्यात दिवाणी बाजूला बावीस वर्षं आहे. धागा कालपासून वाचतोय, आता राहवत नाही.

टंकलेखिका ताई, तुमच्या त्या बाकावर कायदा कसा बदलत गेला ते थोडक्यात मांडतो. इथल्या पुष्कळ वाचकांना अजून वाटतं की लग्न झालेल्या मुलीला वडिलोपार्जितमध्ये काही नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जितमध्ये जन्माने वाटेकरी, केलं, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून ती मेख काढली. तरी पंधरा वर्षं वाद चालला, की त्या तारखेला वडील हयात हवेत की नकोत. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत.

आणि गंमत बघा. हक्क जसजसा भक्कम होत गेला तसतशी हक्कसोडपत्रं वाढली. पूर्वी बहिणीची सही लागायचीच नाही, आता लागते, म्हणून बहिणीला गाडी पाठवून आणतात. हे माझं निरीक्षण, आकडा मागू नका.

आता कॉलेज. तुम्ही सांगितलंत ते कारण वकील होण्याचं आहे, कोल्हापूरचं नव्हे. बाक पुण्याहून येऊनही तिथेच असणार. तेव्हा टेकडीवरूनचा मुद्दा अजून उभा आहे.

टेकडीवरून

धन्यवाद वकीलसाहेब. ताई, तुमचं वाचून घशात आवंढा आला, पण मुद्दा सोडत नाही. त्या बायकांसाठीच तुम्हाला उत्तम निवाडे वाचता यायला हवेत.

विरार_फास्ट

हलकं करतो थोडं. मी मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचा. १८५५ चं, आशियातलं सर्वांत जुनं म्हणतात, बाबासाहेब १९३५ ते ३८ तिथे प्राचार्य होते. मुलाखतीत कुणी विचारलं की मी हेच सांगतो. खरं कारण: चर्चगेटला उतरून चालत जाता येतं, तास सकाळी असायचे, आणि दुपारी हायकोर्टात एका सीनियरच्या मागे फाइली धरून फिरता यायचं. कायदा मी वर्गात तीस टक्के शिकलो, उरलेला कॉरिडॉरमध्ये. सीनियर चालता चालता एक वाक्य बोलायचे आणि ते पकडायला मागून पळावं लागायचं.

म्हणजे मला कॉलेजने काय दिलं? पत्ता दिला. पण हायकोर्टापासून दहा-पंधरा मिनिटांवरचा पत्ता ही लहान गोष्ट नव्हे.

मार्जिनल_नोट

क्लॅट ही प्रवेश परीक्षा देऊन राष्ट्रीय विधी विद्यापीठ का नाही? मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, तीन आहेत महाराष्ट्रात.

पाटाचे पाणी

@मार्जिनल_नोट, क्लॅटमधून मिळतो तो बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम. ताई पदवीधर आहेत. बंगळुरूने २०२२ पासून तीन वर्षांचा सुरू केलाय, त्याची परीक्षा वेगळी. आणि ताईंना कोल्हापूर लांब की बंगळुरू, एवढं तरी बघा राव.

टंकलेखिका

विरार_फास्ट, तुम्ही "पत्ता" म्हणालात आणि माझी गाठ सुटली.

आमच्या तालुक्याचं एक वाटणीचं प्रकरण. बहिणीने केलेला दावा. इथे हरली, जिल्हा न्यायालयात हरली, दुसरं अपील मुंबईला. तिची कागदपत्रं मीच टाइप करायचे. तारखेच्या आदल्या रात्री ती महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायची, बरोबर डबा आणि पुतण्या. सकाळी मुंबई, दिवसभर बसायचं, मॅटर बोर्डावर असूनही नंबर लागायचा नाही, रात्री परत गाडी. असं किती वेळा, ते मी मोजलं नाही, तिने मोजलंय. एकदा म्हणाली, "हायकोर्टात आत काय चालतं ते मला दिसतच न्हाई. काळे कोट येत्यात, इंग्लिश बोलत्यात, आनि वकील भाईर येऊन सांगतोय, पुढची तारीख." शेवटी तडजोड केली. थकली.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसतंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांचं काम. चाळीस वर्षांहून जास्त वकिलांनी त्यासाठी आंदोलनं केली. माझ्या दुकानाचं शटर त्या बंदच्या दिवसांत किती वेळा खाली गेलं असेल.

म्हणजे माझ्या तालुक्यातल्या बहिणीचा दावा आता इथे सुरू होऊन कोल्हापुरातच दुसऱ्या अपिलापर्यंत जाईल. मला ती अख्खी वाट पायाखालून घालायची आहे. तास संपला की जाऊन मागे बसायचं. खालच्या कोर्टात मराठीत झालेला पुरावा वर इंग्रजीत कसा होतो, त्यात काय गळतं, ते बघायचं. माझ्यासारखीने टाइप केलेला उलटतपास न्यायमूर्तींसमोर कसा वाचला जातो, ते ऐकायचं. पुण्यात निवाडे वाचायला शिकेन, मान्य आहे. पण मला आमच्या निवाड्यांची नाळ बघायची आहे.

आणि दुसरं म्हणजे, माझ्या वर्गात जी पोरं असतील ती पुढची वीस वर्षं कागल, गडहिंग्लज, राधानगरी, भुदरगडला माझ्यासमोर उभी राहणार. त्यांना मी आधी ओळखलेलं बरं.

तिरकस

हे झालं कारण. माझे शब्द मागे घेतो. (लुगड्याचे. भीतीचे नाही.)

पण चाचणी पुन्हा लावतो, कारण खोड जात नाही. शहाजीऐवजी कोल्हापुरातलं दुसरं कुठलंही लॉ कॉलेज टाका. तुमचा परिच्छेद तसाच राहतो.

टंकलेखिका

राहतो. बरोबर आहे तुमचं. मला कॉलेज नव्हे, जिल्हा हवाय. हे आत्ता, तुम्ही विचारल्यावर कळलं. म्हणजे पहिल्या नंबरला शहाजी, पण दोन-तीनला पुणं न टाकता आधी कोल्हापूरचीच बाकीची टाकली पाहिजेत. कालपर्यंत दोन नंबरला आयएलएस होतं.

हडसनकाठी

थांबा थांबा, आयएलएस काढू नका! खाली असू द्या. वरचं एकही नाही मिळालं तर?

कोर्टवारी

ताई, बेंचचा मुद्दा मला मान्य. आमच्यासारख्यांनाही त्या बेंचने नव्याने कामाला लावलंय. पण आता मी कडू बोलणार आहे, कारण गोड बोलणारे पुष्कळ झाले.

एक. हजेरी. प्रत्येक विषयाला सत्तर टक्के, बार कौन्सिलचा नियम. "दुकान सांभाळून करेन" असं डोक्यात असेल तर काढून टाका. एसटीने किती वेळ लागतो?

दोन. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतली की दुकान बंद. वकिलाला स्वतः दुसरा धंदा करता येत नाही. यजमान किंवा मुलगा चालवणार असतील तर गोष्ट वेगळी.

तीन. सनदेची फी आता ७५० रुपयांवर घेता येत नाही, जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. अनुसूचित जाती-जमातींना १२५. कुणी "इतर शुल्क" म्हणून हजारो मागितले तर निकालाची प्रत दाखवा. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. शंभर प्रश्न, मराठीतही देता येते, टिपा नसलेली मूळ कायद्यांची पुस्तकं नेता येतात. ती तुम्ही डाव्या हाताने पास व्हाल.

चार, सर्वांत कडू. पैसा. बार कौन्सिलने २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, ज्युनियरला शहरात वीस हजार, ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत. सुचवणी आहे, सक्ती नाही. आमच्याकडे तालुक्याला ज्युनियरला चहा मिळतो, पेट्रोल मिळतं, आणि सीनियर मनाने मोठा असेल तर दिवाळीला पाकीट. आज टायपिंगमध्ये जे सुटतं ते पहिली दोन-तीन वर्षं वकिलीत सुटणार नाही.

आणि हो, न्यायाधीश परीक्षेचा विचार असेल तर २०२५ च्या निकालाने तीन वर्षं वकिलीची अट परत आलीय.

टंकलेखिका

एसटीने दीड तास. आठवड्याचे दिवस मावशीकडे राहणार, ती एकटीच असते, तिलाही सोबत. दुकान हे बघणार आहेत. त्यांना टायपिंग येत नाही, पण झेरॉक्स आणि स्टँपचं काम जमतं. एक मुलगी ठेवली आहे, मराठी टायपिंगची चाळीस पास, हात चांगला आहे.

पैशांचं माहीत आहे. अठरा वर्षं ज्युनियर वकिलांचे चहाचे पैसे मीच दिलेत कधी कधी. :)

न्यायाधीश वगैरे नाही. बाकाच्या पलीकडे जायचंय, व्यासपीठावर नाही.

पाटाचे पाणी

विचारू नये पण विचारतो. ते २०११ चं तुमचं हक्कसोडपत्र, वकील झाल्यावर...?

कोर्टवारी

@पाटाचे पाणी, दस्त रद्द करून मागायला मुदत कायद्याच्या ५९ व्या अनुच्छेदाने तीन वर्षं, तीही कारण कळल्यापासून. शिवाय राजीखुशीने दिलेला दस्त रद्द कशावर मागणार? पण हे सर्वसाधारण बोलतोय. कुणाच्या खऱ्या कागदावर धाग्यात सल्ला देत नसतात.

टंकलेखिका

नाही हो. मला तो रद्द करायचा नाही. मी वाचून, समजून सही केली होती. तेवढं तरी समोरच्या बाईच्या बाबतीत खरं असावं, इतकंच.

मांडवीकाठ

ताई, पहिल्या वर्षी सुट्टीत मिरामारला या. आमच्या एकोणतीस सह्यांचा दस्त दाखवते.

टंकलेखिका

(चार दिवसांनी)

फॉर्म भरला. पहिल्या नंबरला शहाजी, मग कोल्हापूरची बाकीची, शेवटी आयएलएस. टेकडीवरून, माफ करा. ग्रंथालय बघायला मात्र येणार आहे, आत सोडतील का विचारून ठेवा.

ह्यांना हे सगळं वाचून दाखवलं, तिरकसरावांसकट. म्हणाले, चार लोकांनी विचारलं तर मी एवढं लांबलचक कुठे सांगत बसू? मग आम्ही दोघांनी मिळून चार लोकांसाठी एक वाक्य ठरवलं: "हायकोर्ट आता कोल्हापूरला आलंय."

दादाचा फोन आला होता. फी मी भरतो म्हणाला. नको म्हटलं, मग वाईट वाटलं, मग म्हटलं पुस्तकं घेऊन दे. तोही म्हणाला, पुणं का नाही गं? त्यालाही तेच एक वाक्य सांगितलं.

आता कागदपत्रांची एक अडचण. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, पदवीवर सासरचं. पडताळणीला विवाह नोंदणी प्रमाणपत्र पुरतं का नावबदलाचं गॅझेट लागतं? कुणी नुकतंच केलं असेल तर सांगा. आणि २०११ च्या दस्तावर दोन्ही नावं आहेत, "ऊर्फ" घालून. तो दाखवला तर चालेल का, असं हे विचारतायत. थट्टेत विचारतायत की खरंच, कळत नाही.

जास्वंद

माझ्या नणंदेला विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर मार्गी लावलं होतं, पण गॅझेट असलं की कुणी प्रश्न विचारत नाही. आजच ऑनलाइन अर्ज टाकून ठेवा, वेळ लागतो. मूळ प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत न्या, पावसाचे दिवस आहेत.